दोन शहरे आणि रिकामा खजिना

प्रश्न : ‘रोम : टोटल वॉर’ या गेममध्ये मी ज्युली हे रोमन घराणे निवडले. गॉल लोकांच्या धास्तीने सुरुवातीलाच दोन मोठ्या फौजा उभारल्या आणि दोन्ही शहरांत बंदोबस्ताला ठेवल्या. आता खजिना उणे झाला असून काहीही बांधता येत नाही. मोहीम पुन्हा सुरू करावी का?

उत्तर : पुन्हा सुरू करण्याची गरज नाही. फौज उभारली हे चुकले नाही, ती बसवून ठेवली हे चुकले. इ. स. पू. 270 मध्ये मोहीम सुरू होते तेव्हा ज्युलींकडे अरेटियम आणि अरिमिनम एवढी दोनच शहरे असतात. एक चाल म्हणजे सहा महिने, आणि तुकडी लढो वा न लढो, तिचा खर्च प्रत्येक चालीला खजिन्यातून जातोच. दोन शहरांच्या उत्पन्नावर दोन फौजा पोसणे शक्य नाही.

म्हणून फौज एकच ठेवा, तिच्यावर घराण्यातला सेनापती नेमा आणि आधी बंडखोरांच्या ताब्यातले सेगेस्टा घ्या. ते गॉल लोकांचे नसल्यामुळे तिथे मोठे युद्ध अंगावर येत नाही आणि तिसरे शहर मिळते. गॉल लोकांची मेडिओलॅनम व पॅटाव्हियम ही शहरे त्यानंतर.

लढाईनंतरची एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. हस्ताती म्हणजे रोमन पायदळाच्या तुकडीतले निम्मे सैनिक पडले, तरी खर्च पूर्ण तुकडीचाच लागतो. अशा दोन अर्धवट तुकड्या असतील तर एकीचे चित्र उचलून दुसरीवर ठेवा. दोन्ही मिळून एक होते आणि एका तुकडीचा खर्च तिथल्या तिथे वाचतो. मी प्रत्येक लढाईनंतर हे न चुकता करतो.

वाचलेल्या पैशातून आधी रस्ते आणि बाजार बांधावेत, कारण रस्त्यांमुळे व्यापारही वाढतो आणि फौजही लवकर पोहोचते.

भरतीचे सैनिक शहराच्या लोकसंख्येतूनच वजा होतात, हेही ध्यानात ठेवावे. शहराला पुढची पायरी गाठण्यासाठी 2000, मग 6000 वस्ती लागते. सरसकट भरती केली की ती पायरी लांबते. तेव्हा आजच, शहरात बंदोबस्तापुरत्या तुकड्या ठेवून आणि एक फौज सेगेस्टाकडे काढून, उरलेल्या तुकड्या शहराच्या आतच बरखास्त करा. ती माणसे पुन्हा त्याच शहराच्या वस्तीत जमा होतील.