१,६०० मैलांवरचा जुना ट्रेलर घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता, घरी ऑल-व्हील ड्राइव्ह होंडा पायलट आहे, दोन मुलं आहेत. ह्यूस्टनजवळच्या एका माणसाचा २०१९ सालचा २२ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) फेसबुक मार्केटप्लेसवर १४,००० डॉलरला दिसलाय. फोटो छान आहेत, माणूस फोनवर गोड बोलतो. गाडी घेऊन जायचं आणि ओढत आणायचा, असा बेत आहे.

आधी पायलटचं बघू, कारण बहुतेक तिथेच विषय संपेल. ती ५,००० पौंड ओढते आणि जाहिरातीत ट्रेलरचं वजन ४,४०० दिलंय, म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. पण ते वजन कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या ट्रेलरचं असतं. त्यात बॅटरी, गॅसच्या दोन टाक्या, पाणी (एक गॅलन म्हणजे ८.३ पौंड, ४० गॅलनची टाकी भरली की तीनशेच्या वर), गाद्या, कुकर, तांदळाची पिशवी, मुलांच्या सायकली आल्या की ५,३०० कधी झाले ते कळत नाही. शिवाय एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रेलर जोडायच्या गाडीमागच्या आकड्यावर) यावा लागतो, नाहीतर ट्रेलर हायवेवर मागे झुलायला लागतो. म्हणजे सहाशे पौंडांच्या आसपास, आणि पायलटची हिचवरची मर्यादा ५००. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल ते सांगणारा. त्या आकड्यातून हे सहाशे वजा करा, मग तुम्ही चौघं, मग डिकी. काय उरतं ते बघा.

तरी समजा, कुणाचा तरी पिकअप ट्रक मिळाला. मग अंतराकडे येऊ, त्यातला माझा अनुभव महागात पडलेला आहे.

मी कोलंबस, ओहायोला राहतो. २०२२च्या एप्रिलमध्ये मी आणि माझा मेहुणा ट्रक घेऊन आयोवाला गेलो, साधारण ६५० मैल. विकणारं जोडपं निवृत्त, साधं. त्यांनी कॉफी दिली, घरची पाई दिली, मेंटेनन्सची वही दाखवली. ट्रेलरमध्ये फिरताना स्लाइड-आउटच्या (उभा केल्यावर बाहेर सरकणाऱ्या भागाच्या) कोपऱ्यापाशी पायाखालची जमीन किंचित दबली, ओल्या पुठ्ठ्यावर पाय पडावा तशी. मला जाणवलं. मेहुण्यालाही जाणवलं, हे त्याने मला तीन महिन्यांनी सांगितलं! त्या क्षणी दोघंही गप्प. का? दोन दिवसांची रजा टाकली होती, मोटेलचे पैसे गेले होते, नवी हिच घेतली होती, घरी मुलं व्हिडिओ कॉलवर ‘बाबा, आणलात का’ विचारत होती. ‘एवढं आलोय तर’ हे आपल्याकडचं फार घातक वाक्य आहे. जत्रेत ते शंभर रुपयांना पडतं, मला ३,८०० डॉलरला पडलं, आणि पूर्ण उन्हाळा ट्रेलर दुरुस्तीच्या दुकानात उभा राहिला. त्या जोडप्याने फसवलं असं मी आजही म्हणणार नाही, त्यांनाही बहुधा माहीत नसावं. मला माझ्याच प्रवासाने फसवलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: ट्रेलर बघणारा पहिला माणूस तुम्ही असू नका. ज्याचे त्यात पैसे अडकलेले नाहीत आणि ज्याला रिकाम्या हाताने परतायची लाज नाही, असा कुणीतरी आधी जाऊ दे. या कामासाठी पैसे घेऊन तपासणी करणारे लोक असतात. एनआरव्हीआयए नावाची त्यांची राष्ट्रीय संघटना आहे, तिच्या यादीत ह्यूस्टनच्या भागातला माणूस शोधा. तपासनीस तुम्ही निवडा, विक्रेत्याने सुचवलेला नको. छप्पर, भिंतींमधला ओलावा (यंत्राने मोजून), गॅसची गळती, वीज, फ्रिज, एसी, सगळं बघून तो फोटोंसकट अहवाल पाठवतो. काही जण पंख्याने आत हवा दाबून बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी मारतात. जिथे बुडबुडे, तिथून पाऊस आत येतो. माझ्या दुसऱ्या वेळी विस्कॉन्सिनच्या एका ट्रेलरसाठी मी ६५० डॉलर दिले. अहवालात मागची भिंत फुगलेली निघाली, मी नाही म्हणून कळवलं आणि त्या रात्री घरच्या पलंगावर झोपलो. बायकोच्या मते ६५० डॉलर पाण्यात गेले. एका अर्थाने बरोबरच आहे, कारण ट्रेलरमध्ये सगळा मामला पाण्याचाच असतो.

इंजिन नाही, गिअर नाही, त्यामुळे बिघडण्यासारखं काय, असं वाटतं. पण फायबरग्लासची बाहेरची भिंत म्हणजे पातळ प्लायवर चिकटवलेला फायबरग्लासचा थर. मध्ये पाणी शिरलं की गोंद सुटतो आणि भिंतीला फोड येतात. ती दुरुस्ती बऱ्याचदा ट्रेलरच्या किमतीच्या घरात जाते. छपरावर रबराचा पडदा असतो आणि प्रत्येक खिडकी-पंख्याभोवती सीलंट. ते वर्षातून दोनदा बघावं लागतं, आणि ह्यूस्टनच्या उन्हात ते लवकर तडकतं. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारा, कारण मॉडेल २०१९चं आहे: फेब्रुवारी २०२१ मध्ये ट्रेलर कुठे होता? त्या आठवड्यात टेक्सास गोठलं, वीज गेली, घराघरात पाइप फुटले. उत्तरेकडचे लोक हिवाळ्याआधी ट्रेलरच्या नळ्यांमधलं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ (सहज न गोठणारं द्रव) भरतात. ह्यूस्टनमध्ये ती सवय कुणाला असणार? जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळही तिथूनच गेलं. या दोन्ही प्रश्नांवर माणूस अडखळला तर ती माहितीच आहे. (२०१९ची एक जमेची बाजूही सांगतो. कोविडनंतर मागणी इतकी वाढली की २०२१ मध्ये कारखान्यांतून सहा लाख आरव्ही (असे ट्रेलर आणि राहायच्या मोटारी) बाहेर पडल्या, तो विक्रम आहे, आणि त्या घाईतल्या कामाबद्दल तक्रारी खूप ऐकू येतात. तुमचा त्याआधीचा आहे.)

तपासनीस ठरवण्याआधी एक व्हिडिओ कॉल करा, तयार केलेली क्लिप नको. पलंगाखालचे कोपरे, वरच्या कपाटांचे आतले कोपरे, स्लाइड-आउटचं खालचं अंग, पुढच्या सामानाच्या कप्प्याची तळफळी दाखवायला सांगा, आणि प्रत्येक ठिकाणी तळहाताने दाबायला सांगा. नळ सोडून दाखवा म्हणा. मग व्हीआयएनवर, म्हणजे ट्रेलरच्या ओळख क्रमांकावर, कॅमेरा न्यायला सांगा. सतरा अक्षरं-आकड्यांमधलं दहावं अक्षर वर्ष सांगतं, २०१९साठी ते के असतं. तो नंबर एनआयसीबी या विमा कंपन्यांच्या फसवणूकविरोधी संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो, चोरीचा किंवा विमा कंपनीने भंगारात काढलेला असेल तर बहुतेक वेळा कळतं. रस्ता-सुरक्षेचं सरकारी खातं एनएचटीएसए, त्यांच्याकडे रिकॉलही (दोषामुळे कंपनीने दुरुस्तीला परत बोलावलंय का) बघा. फसवणारे लोक व्हिडिओ कॉल टाळतात, ‘मी लष्करात आहे, ट्रेलर वाहतूक कंपनीकडे ठेवलाय, पैसे एस्क्रोत भरा’ असं सांगतात, तेव्हा बोलणं तिथेच थांबवा. ती एस्क्रोची (व्यवहार होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे ठेवायची) साइटही त्यांचीच असते.

पैशांचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथे आपले लोक हुशारी करायला जातात. विक्रेत्याच्या बँकेच्या शाखेत भेटा. टायटलवर (मालकीच्या कागदावर) बँकेचं कर्ज नोंदलेलं असेल तर ते फेडल्याचा कागद हवा, ‘नंतर पाठवतो’ चालणार नाही. टायटलवरचं नाव आणि माणसाचं लायसन्स एकच आहे ना, हे समोरासमोर बघा. कागद हातात आले की तिथेच बसून पैसे वायर करा (बँकेतून थेट त्याच्या खात्यात पाठवा). आणि रोखीनेच द्यायचे ठरले तर, १०,००० डॉलरच्या वरची रोकड काढली की बँक सरकारला एक फॉर्म पाठवते. त्यात भिण्यासारखं काही नाही, पाठवू दे. तो फॉर्म टाळायला आज पाच, परवा पाच, शुक्रवारी चार असे तुकडे करून काढणं हा मात्र संघराज्याचा गुन्हा आहे, पैसे अगदी तुमच्या पगाराचे असले तरी. व्हिसावर असाल तर ही गंमत नाहीच.

विमा निघायच्या आधी घ्या. ट्रकच्या विम्यातून दुसऱ्याचं नुकसान बहुधा भरून निघतं, ट्रेलरचं स्वतःचं नाही. न्यू जर्सीत नोंदणी करताना ६.६२५ टक्के विक्रीकर भरायचा आहे, म्हणजे १४,०००वर साधारण ९२८ डॉलर. तो, तपासणी, पेट्रोल, मोटेल हे सगळं धरून किंमत ठरवा. पेट्रोल धरताना लक्षात ठेवा, ट्रेलर जोडला की मायलेज जवळजवळ निम्मं होतं.

टायर मात्र ह्यूस्टनमध्येच बदला. टायरच्या बाजूवर डॉट अक्षरांपाशी शेवटचे चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीन दिसते, कारण ट्रेलर वर्षभर उभाच असतो, पण रबर वयाने जातं. फुटला तर नुसता फुटत नाही, चाकावरचा पत्रा आणि गॅसची नळीही ओरबाडून नेतो. पन्नास मैलांवर थांबून चाकाचे नट पुन्हा आवळा, साठच्या आसपास चालवा, चार दिवस धरा. चट्टानूगा, नॉक्सविल, मग आय-८१ धरून वर या. बॉल्टिमोरच्या बाजूने येऊ नका, तिथल्या बोगद्यांत गॅसच्या टाक्या असलेल्या गाड्यांना मनाई आहे.

खरं विचाराल तर तुम्ही एवढ्या लांब का चाललात तेच मला कळलेलं नाही. इंडियानातलं एल्कहार्ट, जिथे देशातल्या बहुतेक आरव्ही बनतात, तुमच्यापासून ह्यूस्टनच्या निम्म्या अंतरावरही नाही. पेनसिल्व्हेनियात हर्शीला दर सप्टेंबरमध्ये मोठं आरव्ही प्रदर्शन भरतं, आणि लोक नवीन घेताना जुने डीलरकडे देतात. ऑक्टोबरमध्ये हिवाळाभर ट्रेलर उभा करायला भाडं भरायचा कंटाळा आलेले मालकही किंमत खाली आणतात. शनिवारी सकाळी डबा घेऊन हर्शीकडे निघालात तर रात्री जेवायला घरी. एवढ्याशा प्रवासाला ‘नाही’ म्हणणं सोपं जातं.

पायलटच्या दारावरच्या स्टिकरवर कोणता आकडा निघाला तेवढं इथे लिहा, मग किती फुटी ट्रेलर शोधायचा ते सांगतो.