ऑर्किडला पाणी कधी घालायचं?

वार ठरवून पाणी घालू नका, मुळं बघून घाला. फॅलेनॉप्सिस (पतंगासारख्या फुलांचं, घरात सर्रास ठेवलं जाणारं ऑर्किड) असेल तर पारदर्शक कुंडी घ्या. मुळं रुपेरी-करडी दिसली की पाणी द्यायचं, हिरवी असतील तर थांबायचं. सकाळी कुंडी १०-१५ मिनिटं पाण्यात ठेवून पूर्ण निथळू द्या. पानांच्या बेचक्यात साचलेलं पाणी टिश्यूने टिपून घ्या, नाहीतर शेंडा कुजतो आणि मग झाड वाचणं कठीण. उन्हाळ्यात पाणी लवकर लागतं, थंडीत बरंच कमी. पानं सुरकुतली म्हणून घाईने ओतू नका. आधी मुळं दाबून बघा: मऊ, पोकळ लागली तर ती जास्त पाण्यानेच कुजलीत. पाण्याऐवजी कुंडीत बर्फाचे खडे ठेवायचा सल्लाही मिळेल. मला तो काही पटत नाही.