चंद्रलेखा यांनी भरतनाट्यम सोडलं होतं का?

एवढं भरतनाट्यम शिकून नर्तिका आणि नृत्यदिग्दर्शिका चंद्रलेखा पुढे ‘मॉडर्न’ नृत्याकडे का वळल्या, असं तुम्ही विचारलंय. मी स्वतः बरीच वर्षं भरतनाट्यम शिकले आहे आणि माझ्या मते त्यांनी ते सोडलंच नाही. त्यातल्या देवांच्या कथा, दागिने आणि प्रेक्षकांकडे बघून हसणं त्यांनी बाजूला ठेवलं. मग जे उरलं, त्यावर त्या शेवटपर्यंत काम करत राहिल्या.

त्यांचा जन्म १९२८ मध्ये महाराष्ट्रातल्या वाडा इथे झाला. वडील डॉक्टर, देव न मानणारे. आई मात्र भाविक. कायद्याचा अभ्यास अर्ध्यावर टाकून त्या नृत्याकडे वळल्या आणि एल्लप्पा पिल्लै यांच्याकडे शिकल्या. १९५२ मधलं त्यांचं अरंगेत्रम, म्हणजे पहिला जाहीर कार्यक्रम, रायलसीमेच्या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी होतं. ‘मथुरा नगरिलो’ या रचनेवरचं नृत्य चालू होतं. यमुना, भरलेले घडे, पाण्यातली क्रीडा. आणि नाचता नाचता त्यांच्या डोळ्यांसमोर भेगाळलेली जमीन आली. ज्यांच्यासाठी हा कार्यक्रम, त्यांच्याकडे पाण्याचा थेंब नाही आणि मी इथे पाणी उधळतेय, हा धक्का त्यांनी पुढे अनेकदा सांगितला. मला वाटतं, त्यांच्या सगळ्या कामाचं मूळ तिथे आहे.

मधली वर्षं भराभर सांगते. ‘देवदासी’, १९७२ मध्ये ‘नवग्रह’ अशा नृत्यरचना, आणि मग जवळजवळ बारा वर्षं रंगमंचापासून लांब. त्या काळात पोस्टर्स, लेखन, स्त्री-चळवळ. १९८४ मध्ये मुंबईतल्या ‘ईस्ट-वेस्ट डान्स एन्काउंटर’मध्ये त्या परतल्या आणि १९८५ मध्ये त्यांचं ‘अंगिका’ रंगमंचावर आलं. तेव्हा त्या छप्पन्न वर्षांच्या होत्या. ज्या कामासाठी आज त्यांचं नाव घेतलं जातं, ते जवळपास सगळं त्यानंतरचं आहे. तिशीत ‘आता उशीर झाला’ म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी हे मुद्दाम सांगते.

‘अंगिका’त भरतनाट्यम, योग आणि केरळची युद्धकला कळरीपयट्टू शेजारी शेजारी उभे राहिले. हे मिश्रण नव्हतं. तिन्हींचा पाया एकच आहे, गुडघे वाकवून जमिनीशी घट्ट बसलेलं शरीर, एवढंच त्या दाखवत होत्या. १९८९ च्या ‘लीलावती’चा आधार तर आपल्या भास्कराचार्यांचं बाराव्या शतकातलं गणित. भुंग्यांचा पाचवा भाग कदंबावर, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलावर, अशी कोडी घालणारा तो ग्रंथ. भक्ती आणि विरह सोडून भरतनाट्यम गणितही बोलू शकतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

आता अरमंडीबद्दल, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसायच्या भरतनाट्यमच्या मूळ स्थितीबद्दल. आमच्या वर्गात बाई तट्टकळी (ताल धरायची लाकडी काठी) आपटत ‘अजून खाली बस’ म्हणायच्या आणि आम्ही मांड्या थरथरेपर्यंत बसायचो. का बसायचं, हे माहीत नव्हतं. सुंदर दिसतं म्हणून, एवढंच. ‘शरीर’ (२००१) हे त्यांचं शेवटचं काम. गुंदेचा बंधूंचं ध्रुपद आणि मंचावर फक्त एक स्त्री आणि एक पुरुष. मी त्याचं रेकॉर्डिंग पाहिलं. एक पाय उचलायला इतका वेळ घेतला जातो की बघताना आपलाच श्वास लांबतो. कुठे तरी मध्येच लक्षात आलं की मी खुर्चीत ताठ बसलेय आणि कंबरेपासून खाली सगळं जागं झालंय. दुसऱ्या दिवशी रियाजाला अरमंडीत बसले तेव्हा पहिल्यांदाच आरशाकडे बघितलं नाही.

त्यांना ‘बंडखोर’ म्हणतात, पण तो शब्द मला अपुरा वाटतो. ज्याच्याशी काही देणंघेणं नाही, त्यावर कुणी इतकी वर्षं घालवत नाही. २००६ च्या डिसेंबरमध्ये चेन्नईत त्या गेल्या. बघायला सुरुवात करायची असेल तर ‘शरीर’पासूनच करा, आणि मध्ये पुढे ढकलू नका. त्या संथपणातच सगळं आहे.