शंभर पौंडांसाठी बॉयलर थांबवावा का?

इंग्लंडमधील रेडिंगहून एका वाचकांनी आपला हिशेब पाठवला आहे. त्यांचे वय ७३, पत्नीचे ७०. त्यांना वर्षाला सरकारी पेन्शन ११,९०० पौंड आणि कौन्सिलच्या नोकरीची पेन्शन २१,४०० पौंड मिळते. बँकेतील साडेबावीस हजारांच्या बचतीवर ९०० पौंड व्याज येते, म्हणजे एकूण उत्पन्न ३४,२०० पौंड. पत्नीचे उत्पन्न ८,४००. याशिवाय आधीच्या कंपनीच्या पेन्शन फंडात ३८,००० पौंड आहेत आणि त्यांतले त्यांनी अजून काहीच काढलेले नाही. डिसेंबरात घर गरम ठेवणारा गॅसचा बॉयलर बंद पडला आणि नव्यासाठी ४,००० पौंड लागणार आहेत. बँकेतली बचत नातवाच्या शिक्षणासाठी राखलेली असल्याने तिला हात लावायचा नाही. फंडातून पैसे काढले तर उत्पन्न ३५,००० च्या वर जाऊन विंटर फ्युएल पेमेंट, म्हणजे हिवाळ्यात घर गरम ठेवण्यासाठी वृद्धांना मिळणारी सरकारी मदत, परत द्यावे लागेल. तेव्हा नवे करवर्ष सुरू होईपर्यंत, म्हणजे एप्रिलपर्यंत, विजेच्या हीटरवर भागवावे का, असा त्यांचा प्रश्न आहे. लेस्टरला एकट्या राहणाऱ्या ७७ वर्षांच्या विधवा बहिणीबद्दलही त्यांनी विचारले आहे.

आपली धास्ती मी समजू शकतो. १९९७ पासून सरसकट सर्व वृद्धांना मिळणारी ही मदत जुलै २०२४ मध्ये सरकारने फक्त पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या वृद्धांना ठरावीक रकमेपर्यंतची तूट भरून देणारी मदत) वगैरे घेणाऱ्यांपुरती मर्यादित केली, आणि त्या हिवाळ्यात आपल्यासारख्या अनेक घरांत ती आलीच नाही. जून २०२५ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. आताच्या नियमानुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये रक्कम सर्वांच्या खात्यात जमा होते, पण ज्याचे वर्षाचे करपात्र उत्पन्न ३५,००० पौंडांहून अधिक असेल त्याच्याकडून ती करखाते परत घेते. मर्यादा ओलांडली की पूर्ण रक्कम जाते. मग ती एका पौंडाने ओलांडली काय आणि दहा हजारांनी काय. मात्र ही मर्यादा माणशी आहे, घरटी नाही. आपण दोघेही ऐंशीच्या आतले असल्याने प्रत्येकाला १०० पौंड मिळाले असतील. आपले उत्पन्न कितीही वाढले तरी पत्नीच्या शंभराला धक्का लागत नाही, त्यामुळे आपण ज्यासाठी थंडीत बसायला निघाला आहात ती रक्कम शंभर पौंड आहे.

आणि थांबून तेही वाचत नाहीत. या हिवाळ्याच्या मदतीसाठी चालू करवर्षाचे उत्पन्न पाहिले जाते आणि पुढच्या हिवाळ्यासाठी पुढच्या करवर्षाचे. एप्रिलमध्ये पैसे काढलेत तर या वर्षीचे शंभर राहतील आणि पुढच्या वर्षीचे जातील, एवढाच फरक. मधल्या काळात दोन किलोवॉटचा एक हीटर रोज आठ तास चालवलात तर १६ युनिटे जळतात. विजेचे युनिट गॅसच्या सुमारे चौपट महाग असल्याने दिवसाला चार पौंडांहून अधिक बिल येईल, आणि जेमतेम महिनाभरात शंभर पौंड त्यातच गेलेले असतील. तेवढ्याने एकच खोली गरम होईल. आपल्या वयाच्या माणसांनी घरात किमान १८ अंश तापमान राखावे, असे तिथले आरोग्य खाते सांगते. बॉयलर आत्ताच बसवावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पैसा कुठून काढावा, हा प्रश्न मात्र विचार करण्यासारखा आहे. आपण म्हणता तसे फंडातून सरळ ४,००० काढले तर त्यातील चौथा हिस्सा करमुक्त राहील आणि ३,००० उत्पन्नात धरले जातील. त्यावर २० टक्क्यांनी ६०० पौंड कर बसेल आणि हाती ३,४०० च येतील. शिवाय पहिल्यांदा पैसे काढताना तात्पुरत्या टॅक्स कोडने (पेन्शनमधून किती कर कापायचा हे ठरवणाऱ्या संकेतांकाने) जास्तीचा कर कापला जाण्याचा संभव असतो, मग तो परत मिळवण्यासाठी अर्ज करीत बसावे लागते. म्हणजे आपले लक्ष शंभरावर असताना सहाशे दुसऱ्याच दाराने जाणार होते. मला विचाराल तर बँकेतील बचतीतूनच चार हजार घ्यावेत. नातवासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावायचा नाही ही भावना आपल्याकडे घरोघरी असते आणि मी तिचा आदर करतो, परंतु तोच खर्च ६०० पौंड कर भरून भागवण्याने नातवाच्या वाट्याला काही जास्त येत नाही.

तरीही फंडच वापरायचा असेल, तर त्यातील १६,००० पौंडांचा भाग ड्रॉडाउनमध्ये (पैसे गुंतवलेले ठेवून लागतील तसे काढण्याच्या सोयीत) वळवून त्यावरची करमुक्त पाव रक्कम, म्हणजे ४,००० पौंड, तेवढीच काढावी आणि उरलेले १२,००० तसेच गुंतवलेले राहू द्यावेत. ही करमुक्त रक्कम उत्पन्नात धरली जात नाही, त्यामुळे आपण ३४,२०० वरच राहाल. काही जुन्या योजनांत ही सोय नसते. कंपनीला आधी विचारावे. असा फंड असलेल्या पन्नाशीपुढच्या सर्वांना सरकारच्या पेन्शन वाइज सेवेचे मार्गदर्शनही मोफत मिळते.

पुढच्या वर्षाकडे आत्ताच पाहिलेले बरे. एप्रिल २०२६ पासून सरकारी पेन्शन ४.८ टक्क्यांनी आणि कौन्सिलची ३.८ टक्क्यांनी वाढेल, आणि व्याज आहे तेवढेच राहिले तर आपले उत्पन्न सुमारे ३५,५८० होईल. म्हणजे फंडाला हात न लावताही आपण रेषेपलीकडे जाल. यावर उपाय सोपा आहे: बचत पत्नीच्या एकटीच्या नावे करावी. पतिपत्नींमधील अशा हस्तांतरावर कर नाही आणि व्याज तिच्या उत्पन्नात जाईल. आपल्याला आज त्या व्याजावर कर बसत नसला तरी मर्यादेच्या हिशेबात ते धरले जाते, हे लक्षात असू द्यावे.

आपल्या पत्रात मॅरेज अलाउन्सचा उल्लेख कुठेच नाही, याचे मला आश्चर्य वाटले. पत्नीचे उत्पन्न १२,५७० या करमुक्त मर्यादेच्या आत आणि आपण २० टक्क्यांच्या गटात असल्याने तिच्या करमुक्त मर्यादेतील १,२६० पौंड आपल्याकडे वळवता येतात आणि आपला कर वर्षाला २५२ पौंडांनी कमी होतो. मागील चार वर्षांचाही दावा करता येतो. ५ एप्रिलपूर्वी अर्ज केलात आणि त्या वर्षांतही परिस्थिती अशीच असेल, तर चालू वर्षासह साडेबाराशे पौंडांच्या आसपास रक्कम होते.

मोबाइलवर ‘हिवाळी मदतीसाठी येथे अर्ज करा’ असे संदेश येत असतील तर ते फसवणुकीचे समजावेत. रक्कम आपोआप जमा होते आणि परत घ्यायची असल्यास टॅक्स कोडमधून वळती केली जाते.

आता आपल्या भगिनींबद्दल. त्यांची पेन्शन आठवड्याला १९८ पौंड आणि बचत १२,००० आहे. पेन्शन क्रेडिटमध्ये पहिले १०,००० सोडून देतात आणि त्यापुढील दर ५०० मागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न मानतात. त्यांचे मानलेले उत्पन्न २०२ पौंड झाले. एकट्या व्यक्तीसाठी हमीची रक्कम २०२५-२६ या करवर्षात २२७.१० असल्याने त्यांना आठवड्याला २५.१० पौंड, म्हणजे वर्षाला तेराशेच्या आसपास मिळू शकतात, आणि मागील तीन महिन्यांचेही मागता येतात. त्याच्या आधाराने सलग सात दिवस सरासरी तापमान शून्य अंश किंवा त्याखाली राहिल्यास २५ पौंड, पुढील हिवाळ्यापासून वीजबिलात १५० पौंडांची सूट आणि पंच्याहत्तरीपुढे टीव्ही लायसन्स मोफत, असे बरेच काही येते. ‘सरकारची भीक नको’ असे त्या म्हणतात. त्यांना एवढेच सांगावे की आपले शंभर पौंड ज्या तिजोरीतून आले तीच ही तिजोरी आहे, आणि ते घेताना आपल्याला संकोच वाटला नव्हता.

एक अडचण आहे. त्या फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी कोल्हापूरला जाणार आहेत, असे आपण लिहिता. साधारणपणे चार आठवड्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहणार असल्यास पेन्शन क्रेडिट बंद होते आणि परतल्यावर नव्याने अर्ज करावा लागतो. प्रवास रद्द करण्याइतके हे नुकसान मोठे नाही, आठ आठवड्यांचे साधारण दोनशे पौंड. मात्र अर्ज आत्ताच करावा आणि जाण्या-येण्याच्या तारखा खात्याला आधी कळवाव्यात, नाहीतर दिलेले पैसे नंतर परत मागितले जातात.