‘आय वॉज स्टॉकिंग युवर प्रोफाइल’ म्हणजे नेमकं काय?

तुमचा प्रश्न असा आहे की ऑफिसातल्या नव्या सहकारी मुलीने चॅटवर ‘आय वॉज स्टॉकिंग युवर प्रोफाइल’ असं लिहिलं. तुम्हाला स्टॉक म्हणजे साठा किंवा शेअर एवढंच ठाऊक. त्यात स्टॉकिंग हा गुन्हा असल्याचं पेपरात वाचलंत, मग तिला म्हणायचं तरी काय होतं?

आधी स्पेलिंगचा घोळ मिटवू. साठा किंवा शेअर या अर्थाचा शब्द एस-टी-ओ-सी-के. तुमच्या चॅटमधला शब्द एस-टी-ए-एल-के, त्यातला एल उच्चारत नाहीत. आपण दोन्ही ‘स्टॉक’ असेच लिहितो आणि बोलतो, त्यामुळे कानाला फरक कळत नाही. रोपाच्या देठालाही हेच स्पेलिंग आहे, पण तो वेगळा शब्द, त्याचा इथे संबंध नाही.

हा शब्द मूळचा शिकारीतला. सावजाला चाहूल न लागू देता, वाऱ्याची दिशा सांभाळत, दबकत दबकत जवळ जाणं म्हणजे स्टॉक करणं. उसाच्या फडातून बिबट्या शेळीच्या दिशेने पोटावर सरकत येतो, शेळीने मान वर केली की जागच्या जागी थिजतो, तिने पुन्हा तोंड खाली घातलं की आणखी चार पावलं पुढे येतो. वाइल्डलाइफच्या इंग्रजी कार्यक्रमांत याला स्टॉकिंग म्हणतात. आपलं ‘दबा धरून बसणं’ याच्या जवळचं असलं तरी त्यात बसून राहणं आहे, इथे अंतर कमी कमी होत जातं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात हरणांच्या शिकारीला आजही डिअर स्टॉकिंग म्हणतात.

वाचताना आणखी दोन अर्थ भेटतील. ‘ही स्टॉक्ड आउट ऑफ द रूम’ म्हणजे तो रागाने ताडताड निघून गेला, इथे लपणंछपणं काही नाही. आणि स्टॉकिंग हॉर्स म्हणजे खरा डाव झाकण्यासाठी पुढे केलेला माणूस. शिकारी घोड्याच्या आडून सावजाजवळ जात, त्यावरून हे आलं. १९८९ मध्ये ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंच्या विरोधात पक्षातल्या पक्षात अँथनी मेयर उभे राहिले, तेव्हा त्यांना हेच विशेषण लावलं गेलं होतं.

आता गुन्ह्याचा अर्थ. मी वकिली करते आणि या शब्दाशी माझा रोजचा संबंध तिथेच येतो, म्हणून यावर जरा जास्त लिहिते. १९८९ साली अमेरिकेत रिबेका शेफर या तरुण अभिनेत्रीला तिच्या एका चाहत्याने तिच्याच दारात गोळी घातली. बराच काळ तो तिच्या मागावर होता. त्यानंतर १९९० मध्ये कॅलिफोर्नियाने स्टॉकिंगविरोधी कायदा केला, तो अमेरिकेतला पहिला.

आपल्याकडे फार उशीर झाला. दिल्लीत कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या प्रियदर्शिनी मट्टू हिने पाठलाग करणाऱ्या माजी विद्यार्थ्याविरुद्ध पोलिसांत एकदा नाही, अनेकदा तक्रार केली होती. तिला संरक्षणासाठी पोलीसही दिला होता. तरी जानेवारी १९९६ मध्ये त्याच माणसाने घरात शिरून तिचा खून केला. तेव्हा पाठलागाला कायद्यात स्वतंत्र कलमच नव्हतं, तक्रार विनयभंगाच्या कलमांत कशीबशी बसवावी लागे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्या. वर्मा समिती बसली आणि २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड आलं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम ७८ झालं आहे.

या कलमाचे दोन भाग आहेत. पुरुषाने स्त्रीचा पाठलाग करणं आणि तिने आपल्याला रस नसल्याचं स्पष्ट दाखवूनही जवळीक साधण्यासाठी पुन्हा पुन्हा संपर्क करणं किंवा तसा प्रयत्न करणं, हा एक. ती इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक साधनं कशी वापरते यावर पाळत ठेवणं, हा दुसरा. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत. पहिल्या वेळचा गुन्हा जामीनपात्र आहे, हे मला आजही खटकतं. तक्रार केल्यानंतरचे दिवसच मुलीसाठी सर्वांत धोक्याचे असतात आणि नेमका तेव्हाच तो बाहेर असतो.

फाइलमध्ये हे कसं दिसतं, तर अगदी साधं. ‘जेवलीस का’, ‘आज निळा ड्रेस छान दिसत होता’, ‘ब्लॉक का केलंस’, मग नव्या नंबरवरून ‘एकदाच भेट’. एकेक मेसेज सुटा वाचला तर ठाणे अंमलदारही म्हणतो, यात काय आहे? सगळे तारखेनिशी एकाखाली एक लावले की मुलगी कुठल्या बसने जाते, क्लास किती वाजता सुटतो, सगळं त्याला ठाऊक असल्याचं दिसतं. म्हणून मी प्रत्येकीला सांगते, मेसेज डिलीट करू नका. एकदा स्पष्ट शब्दांत ‘मला संपर्क करू नकोस’ असं लेखी कळवा, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा आणि मग ब्लॉक करा. ‘स्पष्ट दाखवूनही’ हे कलमातले शब्द कोर्टात त्यावरच सिद्ध होतात. जीव धोक्यात वाटला तर थेट ११२ लावा.

आता तुमची सहकारी. इन्स्टाग्रामच्या पिढीने हा शब्द फार सौम्य करून टाकला आहे. ओळख होण्याआधी किंवा झाल्यावर कुणाचे जुने फोटो, पोस्ट मागे मागे जात बघणं, यालाही ती मुलं स्टॉक करणं म्हणतात. त्यात उत्सुकता असते, कधी थोडी आवडही असते. मराठीत ती ‘तुझं प्रोफाइल चाळत होते’ एवढंच म्हणाली आहे. तुम्ही सगळ्यांसाठी खुले ठेवलेले फोटो तिने पाहिले, यात गुन्हा काही नाही. कुणाच्या फोनमध्ये न सांगता लोकेशन दाखवणारं ॲप टाकणं किंवा व्हॉट्सॲप वेब गुपचूप जोडून ठेवणं, ही मात्र सरळ पाळत आहे. नवरा किंवा प्रियकर असल्याने त्यात सूट मिळत नाही.

चोरून बघण्याचे दुसरे शब्दही यात मिसळू नका. स्पाय म्हणजे हेर, तो कुणाच्या तरी कामासाठी माहिती काढतो. व्हॉयरिझम म्हणजे खाजगी क्षणी, कपडे बदलताना वगैरे, ताकझांक करणं किंवा चित्रीकरण करणं, त्याला न्याय संहितेचं कलम ७७ आहे.

तिला उत्तर देताना बिनधास्त विचारा, ‘मग काय सापडलं?’ फक्त तुम्ही स्वतः हा शब्द एखाद्या मुलीला लिहिताना जपा, विशेषतः ओळख नवी असेल तर. जिच्यामागे खरोखर कुणी लागलं होतं, तिला तो गमतीचा वाटणार नाही. ‘तुझ्या पोस्ट वाचल्या, ट्रेकचे फोटो आवडले’ असं सरळ लिहा.