पॅट मिल्स वाचायचा तर कुठून?

प्रश्न : ग्राफिक कादंबऱ्या वाचायला लागून मला दोनेक वर्षं झाली. ब्रिटिश कॉमिक्सविषयी काहीही वाचलं की पॅट मिल्स हे नाव येतंच. पण त्यांच्या लेखनाची यादी उघडली की संपता संपत नाही. रोबो, डायनासोर, केल्टिक योद्धे, व्हॅम्पायर आणि मध्येच पहिलं महायुद्ध! सुरुवात कुठून करू?
*– एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी*

यादी मिटून ठेवा आणि 'चार्लीज वॉर' हे पहिल्या महायुद्धावरचं कॉमिक हातात घ्या. बाकी सगळं त्याच्यानंतर.

हे मी इतक्या ठामपणे का सांगते, त्याला एक कारण आहे. इंग्लंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी बरीच वर्षं नोकरी केली. २००४ पासून 'चार्लीज वॉर'चे पुस्तकरूपात खंड निघू लागले आणि आमच्याकडेही आले. एका संध्याकाळी चाळिशीचा एक बसचालक गणवेशातच काउंटरपाशी आला. लहानपणी त्यानं ही गोष्ट साप्ताहिकात वाचली होती, पुढे घर बदलताना अंक गेले. त्याला त्यातलं एकच पान पुन्हा बघायचं होतं, 'पोत्याचं पान'. मला काही कळलं नाही. मग त्यानं सांगितलं. फ्रान्समधल्या सोम इथल्या लढाईत तोफगोळा पडून चार्लीचा मित्र जिंजर मरतो. चार्ली त्याचे अवशेष एका पोत्यात गोळा करतो आणि ते पोतं घेऊन चालू लागतो. हे सांगताना तो माणूस हळू आवाजात बोलत होता, जणू कुणा ओळखीच्याबद्दल सांगत असावा. त्या रात्री मी तो खंड घरी नेला.

'चार्लीज वॉर' जानेवारी १९७९ मध्ये 'बॅटल' या मुलांच्या युद्धकथांच्या साप्ताहिकात सुरू झालं. दर आठवड्याला तीन-चार पानं, स्वस्त कागद, बहुतेक काळी-पांढरी चित्रं. लेखक मिल्स, चित्रकार जो कोल्क्हून. त्याच अंकातल्या इतर गोष्टींमध्ये शूर ब्रिटिश सैनिक शत्रूला लोळवत असायचे. आणि इथे चार्ली बोर्न, सोळा वर्षांचा, लंडनच्या कामगारवस्तीतला, शिक्षण बेताचं. वय लपवून भरती होतो आणि १९१६ च्या उन्हाळ्यात सोमच्या खंदकात येऊन पडतो. १ जुलै १९१६ या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० जण मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. त्यांतले १९,२४० मेले. मिल्सनं हा दिवस बारा-तेरा वर्षांच्या मुलांसमोर ठेवला आणि त्यातलं काहीही सौम्य केलं नाही.

चार्लीची घरी लिहिलेली पत्रं नीट वाचा. शुद्धलेखन चुकलेलं, सूर आनंदी, आईला काळजी वाटू नये म्हणून जपून लिहिलेलं. आणि त्या ओळींच्या खालीच चित्र असतं ते प्रत्यक्ष काय चाललंय त्याचं. घरून येणाऱ्या उत्तरांत शेजारपाजारच्या किरकोळ गोष्टी. दोघंही एकमेकांवर माया करतात आणि दोघांनाही एकमेकांचं जग दिसत नाही. हे निव्वळ गद्यात लिहिलं असतं तर लेखकाला समजावून सांगावं लागलं असतं. इथे मजकूर एक सांगतो, चित्र दुसरंच सांगतं आणि मधली फट वाचणाऱ्यानं स्वतः भरायची.

लेफ्टनंट थॉमसचा भाग आला की थांबून वाचा. आपली माणसं वाचवण्यासाठी हा अधिकारी हुकूम नसताना माघार घेतो. त्याच्यावर भित्रेपणाचा आरोप येतो आणि गोळ्या घालून मारण्याची शिक्षा होते. बंदूक चालवणाऱ्यांच्या तुकडीत चार्लीलाच उभं करतात आणि तो नकार देतो. अशी शिक्षा झालेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश संसदेनं कायदा करून माफी दिली ती २००६ मध्ये. मुलांच्या एका साप्ताहिकानं हा प्रश्न त्याच्या पंचवीसेक वर्षं आधीच विचारला होता. सप्टेंबर १९१७ मधलं फ्रान्समधल्या एताप्लच्या छावणीतलं सैनिकांचं बंडही मिल्सनं असंच तपशिलानं लिहिलं, आणि बाजू घेतली ती साध्या शिपायांची.

मिल्सनं लिहिलेला शेवटचा भाग जानेवारी १९८५ मध्ये आला. त्यात साल १९३३ आहे, चार्ली बेकार आहे आणि जर्मनीत हिटलर चॅन्सलर झाल्याची बातमी आली आहे. पुढचं महायुद्धही मिल्सला लिहायचं होतं. त्यासाठी लागणाऱ्या संशोधनाचा खर्च प्रकाशकानं द्यावा, ही त्याची मागणी मान्य झाली नाही आणि तो थांबला. गोष्ट दुसऱ्या लेखकानं पुढे चालवली. तुम्ही मिल्सच्या भागाबरोबरच थांबलात तर काही बिघडणार नाही.

आता ही मालिका तीन जाड खंडांत मिळते. पहिल्याचं नाव 'बॉय सोल्जर'.

प्रश्न : चित्रं तर चित्रकार काढतो. मग कॉमिक्सचा 'लेखक' नेमकं करतो काय? फुग्यांतले संवाद लिहिणं, एवढंच का?
*– एकांकिका लिहिणारे एक वाचक*

तुम्ही नाटक लिहिता, तेव्हा अर्धं उत्तर तुमच्याकडे आहेच. कोणत्या पानावर किती चौकटी, कुठल्या चौकटीत काय दिसायचं, कोण कुठे बघतंय, पान उलटायच्या आधीची शेवटची चौकट कोणती, हे सगळं लेखकाच्या संहितेत असतं. त्यावर साप्ताहिकाची शिस्त. तीन-चार पानांत मागच्या आठवड्याची आठवण द्यायची, गोष्ट पुढे न्यायची आणि पोराला पुढच्या आठवड्यापर्यंत चैन पडणार नाही अशा जागी सोडायची. हे वर्षानुवर्षं, दर आठवड्याला.

मिल्सची ही तालीम कुठे झाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सुरुवातीला तो आणि जॉन वॅग्नर स्कॉटलंडमध्ये डंडीच्या डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेत होते. मग नोकरी सोडून दोघांनी बागेतल्या एका शेडमध्ये बसून मिळेल त्या साप्ताहिकासाठी लिहायला घेतलं. त्यात मुलींची साप्ताहिकंही होती. त्या गोष्टी अनाथ मुलींच्या, दुष्ट नातेवाइकांच्या, शाळेतल्या छळाच्या. भावना उघड आणि तीव्र. मिल्स आजही सांगतो की मुलींच्या कॉमिक्सनी त्याला लिहायला शिकवलं. चार्लीची गोष्ट मला युद्धकथेपेक्षा त्या परंपरेच्या जास्त जवळची वाटते. चार्लीला काय झालं याइतकंच त्याला काय वाटलं याला तिथे मोल आहे.

चित्रकाराविषयीही सांगते. लेखक मोठा असला तरी त्याचं लेखन चित्रकाराच्या हातूनच आपल्यापर्यंत येतं आणि मिल्सइतकं हे क्वचितच कुणाच्या बाबतीत दिसतं. कोल्क्हूनच्या चेहऱ्यांवर चिखल आणि थकवा आहे. केव्हिन ओनील या चित्रकाराबरोबर मिल्सनं 'नेमेसिस द वॉरलॉक' केलं, तिथे प्रत्येक चौकट काट्यांनी आणि कमानींनी खचाखच भरलेली. 'स्लेन' या केल्टिक योद्ध्याची 'द हॉर्न्ड गॉड' ही कथा सायमन बिझ्लीनं संपूर्ण रंगवून काढली, तिचा बाज तिसराच. तिन्हींचा लेखक एकच, हे नुसती पानं चाळून कळणार नाही. वाचल्यावर कळतं, कारण सत्तेविषयीचा राग तिन्हीकडे तोच आहे.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. मिल्सच्या कॉमिक्समध्ये हिंसा फार आहे असं ऐकलं. देऊ का?
*– एक वडील*

'चार्लीज वॉर' द्या आणि आधी तुम्ही वाचा. ते बारा वर्षांच्या मुलांसाठीच लिहिलं होतं. त्यातली हिंसा बघून मुलाला मजा वाटणार नाही, मरणाऱ्याचं वाईट वाटेल. मला हा फरक पुरेसा वाटतो. 'मार्शल लॉ' आणि फ्रान्समध्ये आलेली 'रेक्वीएम' ही व्हॅम्पायरांची मालिका मात्र मोठ्यांसाठी आहे. ती घरात वरच्या फळीवर.

तुमची काळजी जुनी आहे, म्हणून थोडा इतिहास. फेब्रुवारी १९७६ मध्ये मिल्सनं 'ॲक्शन' नावाचं साप्ताहिक उभं केलं, किंमत सात पेनी. त्यातला 'हुकजॉ' हा पांढरा शार्क समुद्र नासवणाऱ्या, लोभी माणसांना खाई आणि बाकीच्यांनाही सोडत नसे. पोरांनी ते उचलून धरलं. वृत्तपत्रांनी त्याला 'सात पेनीचं दुःस्वप्न' म्हटलं. सप्टेंबरच्या एका मुखपृष्ठावर साखळी उगारलेला मुलगा, पडलेला माणूस आणि शेजारी पोलिसाचं शिरस्त्राण होतं. गदारोळ वाढला, दूरचित्रवाणीवर संपादकीय प्रमुखांची उलटतपासणी झाली आणि ऑक्टोबरचा एक छापलेला अंक विक्रीआधीच नष्ट केला गेला. डिसेंबरमध्ये 'ॲक्शन' परत आलं ते दात काढून घेतल्यासारखं, आणि वर्षभरात 'बॅटल'मध्ये विलीन झालं.

'ॲक्शन'मधलं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. काही गोष्टी निव्वळ मारामारीच्या होत्या. पण ज्या मुलांच्या वस्तीत, रस्त्यावर, शाळेत रोज दांडगाई होती, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारं ते साप्ताहिक होतं. ते बंद करणाऱ्यांनी त्या मुलांना विचारलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

प्रश्न : 'जज ड्रेड' मिल्सचाच ना? मित्राशी पैज लागली आहे.

पैज हरलात. ड्रेड, म्हणजे भविष्यातला जागीच शिक्षा देणारा पोलीस, हे पात्र जॉन वॅग्नर आणि चित्रकार कार्लोस एझ्क्वेरा यांचं. ते ज्यात आलं ते '२००० एडी' हे साप्ताहिक मात्र मिल्सनं घडवलं. पहिला अंक २६ फेब्रुवारी १९७७ चा, ड्रेड आला दुसऱ्या अंकात. त्याला आकार देण्यात मिल्सचा वाटा होता आणि १९७८ मधली 'द कर्स्ड अर्थ' ही ड्रेडची लांब कथाही मुख्यतः मिल्सचीच. तिच्यात हॅम्बर्गर विकणाऱ्या दोन प्रसिद्ध कंपन्यांची आपसात लढाई दाखवली होती. कायद्याच्या भीतीनं ते भाग पुढच्या आवृत्त्यांतून गळले आणि विडंबनाविषयीचा ब्रिटिश कायदा बदलल्यावर २०१६ मध्ये पुन्हा छापले गेले. मित्राला हे सांगून निदान चहा तरी वसूल करा.

प्रश्न : इतकं लिहूनही त्यांचं नाव अमेरिकेत गेलेल्या ब्रिटिश लेखकांइतकं का गाजलं नाही?
*– नियमित वाचक*

याची दोन कारणं मला दिसतात. पहिलं म्हणजे, ब्रिटिश साप्ताहिकांत लेखक-चित्रकारांची नावंच छापत नसत. चित्रावर कुणी सही केली तर ती पुसली जाई. '२००० एडी'च्या कचेरीत काम करणाऱ्या केव्हिन ओनीलनं १९७७ मध्ये श्रेयाच्या छोट्या चौकटी अंकात घालायला सुरुवात केली, तेव्हा कुठे मुलांना कळलं की या गोष्टी कुणी माणसं लिहितात. हक्क तर सगळे प्रकाशकाचेच. पात्र कितीही गाजलं, पुन्हा पुन्हा छापलं गेलं, तरी ते निर्माण करणाऱ्याच्या हाती काही उरत नसे. मिल्स या विषयावर पन्नास वर्षं बोलतो आहे आणि भांडतो आहे. फ्रान्समध्ये लेखकाला मिळणारा मान त्याला जवळचा वाटला. तिथे ऑलिव्हिए लद्रुआ या चित्रकाराबरोबर २००० सालापासून त्यानं 'रेक्वीएम' केलं.

दुसरं कारण त्याच्या स्वभावात आहे. अमेरिकेत नाव व्हायला सुपरहीरो लिहावे लागतात आणि मिल्सला सुपरहीरो मनापासून आवडत नाहीत. 'मार्शल लॉ'चा नायक सुपरहीरोंची शिकार करतो! मिल्सचे नायक बघा : चार्ली एक साधा शिपाई, नेमेसिस माणूसच नाही, तर माणसांच्या छळापासून परग्रहवासीयांना वाचवणारा परका. त्यातला खलनायक टॉर्केमाडा 'शुद्ध राहा, सावध राहा, नीट वागा' असं ओरडत असतो. मिल्सचं शिक्षण कॅथलिक शाळांत झालं आणि ते वाक्य कुठून आलं हे तो लपवत नाही. २०१७ मध्ये आलेल्या आठवणींच्या पुस्तकालाही त्यानं हेच वाक्य नाव म्हणून दिलं. १९८८ च्या 'क्रायसिस' या कॉमिकमधली त्याची 'थर्ड वर्ल्ड वॉर' ही मालिका तर बहुराष्ट्रीय कंपन्यांनी मध्य अमेरिकेत चालवलेल्या लुटीवरच होती. अशा लेखकावर मोठे स्टुडिओ चित्रपट काढायला रांग लावत नाहीत.

प्रश्न : मला युद्ध, रोबो, राक्षस यांतलं काहीच आवडत नाही. तरी मिल्सचं काही वाचता येईल?
*– एक आजी*

येईल, आजी. १९७८ मध्ये 'मिस्टी' नावाचं मुलींसाठी गूढकथांचं साप्ताहिक निघालं, त्याच्या घडणीत मिल्सचा हात होता. त्यातली 'मूनचाइल्ड' वाचा. घरी आईचा जाच, शाळेत मुलींचा, आणि अशा मुलीला एक दिवस कळतं की आपण हात न लावता वस्तू हलवू शकतो. ती आता पुस्तकरूपात मिळते. फार मोठी नाही, दोन दुपारींत होईल. अक्षरं बारीक आहेत, तेव्हा चष्मा आणि चांगला उजेड घेऊन बसा, आणि कशी वाटली ते मला जरूर कळवा.