'कार फेरी'तली कार कोणती?

प्रश्न असा आला आहे: 'चीफ वावाटॅम' या जुन्या अमेरिकी बोटीला 'आइसब्रेकिंग कार फेरी' म्हणतात, त्याचं मराठी 'बर्फ तोडणारी मोटारींची फेरीबोट' असं केलं तर चालेल का?

नाही चालणार. अमेरिकी रेल्वेत 'कार' म्हणजे रेल्वेचा डबा, आणि मालगाडीच्या डब्याला आपल्याकडे 'वाघीण' हा देखणा शब्द तयार आहे. इंग्रजी 'वॅगन' मराठी तोंडात शिरला आणि वाघीण होऊन बाहेर आला. अनेकवचनही थेट 'वाघिणी'. इतका रुळलेला शब्द असताना नवा घडवायची गरजच नाही. १९११ साली बांधलेली ही ३३८ फुटी बोट मिशिगन आणि ह्युरॉन सरोवरं जिथे मिळतात त्या चिंचोळ्या पाण्यातून सेंट इग्नस ते मॅकिनॉ सिटी अशी जायची. (स्पेलिंग पाहून त्या पाण्याला 'मॅकिनॅक' लिहू नका, उच्चार 'मॅकिनॉ'च.) डेकवर रूळ होते, वाघिणी किनाऱ्यावरून थेट आत ढकलत. मोटारीही तिने नेल्या, त्यामुळे घोटाळा होतो. पण नावातली कार वाघिणीचीच.

आता 'तोडणे'. फांदी तोडतात, दोर तोडतात. नारळ फोडतात, दगड फोडतात, गुळाची ढेप फोडतात. बर्फ या दुसऱ्या घरातला. शिवाय ही बोट काम कशी करायची ते पाहा. मागे दोन पंखे (प्रोपेलर), आणि तिसरा पुढे, नाळेखाली, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाखाली. पुढचा पंखा बर्फाखालचं पाणी ओढून घ्यायचा. आधार गेलेला थर आपल्याच वजनाने खचायचा, वरून बोटीचा भार आला की फुटायचा. ही युक्ती तिथे १८८८च्या 'सेंट इग्नस' या लाकडी बोटीपासून होती. पुढे रशियात बैकल सरोवरावर आगगाडीचे डबे नेणाऱ्या 'बैकल' बोटीनेही ती उचलली.

'हिमभंजक' चूक नाही, पण 'मूर्तिभंजका'शेजारी बसणारा आहे, बंदरावर कुणी म्हणणार नाही. 'बर्फफोडी' मला आवडला असता; 'घरफोडी' आड येते. फेरीबोटीसाठी कोकणातला 'तर'ही मोह घालतो, पण वाक्यात आला की अव्यय वाटतो. म्हणून मी लिहीन: 'बर्फ फोडत जाणारी वाघिणींची फेरीबोट'.

हे १९८४ पर्यंतच्या काळासाठी. त्यानंतर तिची फेरी थांबली आणि वरचा भाग कापून तिचा सपाट तराफा केला. त्या काळाबद्दल लिहिताना मात्र सरळ 'बार्ज' लिहा.